अंगावरचे लालचुटुक ठिपके : काढायचे की राहू द्यायचे?

लालबुंद :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारतेच. वय ४३. गेल्या काही वर्षांत पोटावर, छातीवर, पाठीवर लालचुटुक ठिपके यायला लागलेत, काही टाचणीच्या डोक्याएवढे तर काही जरा मोठे, हाताला लागतील असे वर आलेले. दुखत नाहीत, खाजत नाहीत, नुसते आहेत. आधी थोडेच होते म्हणून लक्ष दिलं नाही पण आता मोजायचा कंटाळा येईल इतके झालेत. नवरा म्हणतो उष्णता झालीये, बहीण म्हणते लिव्हर बिघडलं की असे येतात, आणि नेटवर शोधलं की दुसऱ्या मिनिटाला कॅन्सर. त्यात कपड्याच्या पट्ट्याखालचा एक ठिपका गेल्या आठवड्यात अचानक काळा पडलाय, म्हणजे आधी लाल होता आणि आता जांभळट-काळा, त्यामुळे झोप उडालीये. हे नक्की असतं काय? टेस्ट कराव्या लागतात का? काढले तर परत येतात का? आणि गालावर एक वेगळाच आहे, मधे लाल टिंब आणि भोवती केसासारख्या बारीक रेषा, तोही यातलाच का?

निवांत :
ताई घाबरू नका, मला पण आहेत, माझ्या वडिलांना तर पाठभर होते. वयोमानाने येतात, काही होत नाही त्यांनी. आमच्या ओळखीतल्या एकाने दोरा बांधून पाडायचा प्रयत्न केला होता, रक्त थांबेना म्हणून शेवटी रात्री दवाखाना गाठावा लागला, तेवढं मात्र करू नका. बाकी निवांत राहा 🙂

पुरळपंडित :
त्वचारोगाचा डॉक्टर आहे म्हणून लिहितोय, पण न बघता सांगतोय हे लक्षात ठेवा. निवांतराव बऱ्यापैकी बरोबर आहेत, फक्त 'काही होत नाही' हे बघून झाल्यावर म्हणायचं असतं, आधी नाही.

तुमच्या वर्णनावरून अंगावरचे ठिपके चेरी अँजिओमा वाटतात. कातडीच्या वरच्या थरातल्या केशवाहिन्या एका जागी वाढून फुगतात, त्यांचा बारीकसा गुच्छ. तिशीनंतर यायला लागतात, वयाबरोबर वाढत जातात, बहुतेक धडावरच असतात, साधारण १ ते ५ मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकात कॅम्बेल डी मॉर्गन नावाच्या इंग्रज सर्जनने यांचं वर्णन केलं होतं, त्याला वाटत होतं की यांचा कॅन्सरशी संबंध आहे, तो समज पुढे टिकला नाही. कॅन्सर होत नाही यांचा. लिव्हरशी पण संबंध नाही. उष्णतेशी तर नाहीच, नवऱ्याला सांगा.

लिव्हरची गोष्ट बहिणीने कुठून आणली ते कळलं मला, ती तुमच्या गालावरच्या ठिपक्याची आहे. मधे टिंब आणि बाहेर पसरलेल्या रेषा म्हणजे स्पायडर अँजिओमा, तो वेगळा प्रकार. यात मधलं टिंब म्हणजे एक बारीक धमनी असते आणि तिच्यातूनच बाकीच्या रेषांना रक्त जातं. घरी बघायचं असेल तर पेनाच्या बोथट टोकाने फक्त मधल्या टिंबावर हलकं दाबा, रेषा फिक्या पडतील, आणि सोडलं की रक्त आतून बाहेर पसरताना डोळ्यांना दिसतं. हे दिसलं की ओळख जवळजवळ पक्की. चेरीवर दाबलं तर असं होत नाही, जरासा फिका पडतो किंवा अजिबात पडत नाही.

एखाद-दुसरा स्पायडर निरोगी माणसालाही असतो, लहान मुलांत तर खूप दिसतो, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पण येतो, कारण इस्ट्रोजेन. मोठ्या माणसाला थोड्या काळात चेहरा-मान-छाती-हात इथे बरेच आले, सोबत तळवे लाल, डोळे पिवळे, पायाला सूज, दारूचा इतिहास असं काही असेल तर लिव्हरच्या रक्ततपासण्या करायच्या. तुमच्या गालावर एकच आहे, बाकी तब्येत ठीक आहे, तर मी स्वतः काही टेस्ट लिहून दिली नसती.

आता काळा पडलेला. माझं लक्ष खरं तर तिथेच आहे. चेरी अँजिओमाच्या आत रक्त गोठलं की तो असाच एकदम काळपट होतो, पट्ट्याखाली घासला जात असेल तर हे व्हायचंच, बहुतेक वेळा हेच निघतं. पण रक्त गोठलेला अँजिओमा आणि मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, नुसत्या डोळ्याने कधी कधी सारखेच दिसतात आणि फोटोवरून तर कोणीच सांगू नये. डॉक्टरकडे डर्मोस्कोप नावाचं हातातलं भिंग असतं, त्यातून अँजिओमात लाल-जांभळे गोल कप्पे दिसतात, एकमेकांपासून पांढऱ्या पट्ट्यांनी वेगळे झालेले, आणि गोठला असेल तर त्यातले काही कप्पे काळे. काम दोन मिनिटांचं असतं. तेही पुरेसं स्पष्ट नसेल तर तो एकच ठिपका बधिर करून काढायचा आणि बायॉप्सीला पाठवायचा. थोडक्यात बाकीचे राहू द्या, हा एक दाखवून घ्या.

लालबुंद :
डॉक्टर मनापासून आभार, पेनाने दाबून बघितलं आणि गालावरचा अगदी तुम्ही म्हणालात तसाच मधून भरत आला, नवऱ्याला बोलावून दाखवला 😄 काळ्यासाठी या आठवड्यातच जाते. पण मला बाकीचे पण काढून घ्यावेसे वाटतायत हो, निदान गळ्याजवळचे. काढायच्या किती पद्धती आहेत आणि डाग राहतो का? माझी कातडी सावळी आहे आणि मला साधं खरचटलं तरी काळी खूण महिनोन्महिने जात नाही.

पुरळपंडित :
हा प्रश्न लोक सहसा काढून झाल्यावर विचारतात, तुम्ही आधी विचारलात ते बरं केलंत.

छोट्या चेरीला विजेच्या बारीक सुईने जाळणं म्हणजे कॉटरी, सगळ्यात सोपं आणि बहुतेक ठिकाणी मिळतं. सुई टेकवली की ठिपका पांढरट-राखाडी होतो, खपली धरते, एक-दोन आठवड्यांत पडते. मोठा, वर आलेला असेल तर कातडीच्या पातळीला ब्लेडने कापून बुडाला कॉटरी. लिक्विड नायट्रोजनने गोठवतात पण, पण सावळ्या कातडीवर मी ते टाळतो, रंगपेशी थंडीने पटकन मरतात आणि पांढरा डाग राहतो, तो काळ्यापेक्षा जास्त टोचतो डोळ्याला.

लेसरचं तत्त्व १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी मांडलं. रक्तातलं हिमोग्लोबिन ठराविक तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषतं, तेवढाच प्रकाश अगदी कमी वेळ टाकला तर वाहिनी भाजते आणि भोवतीची कातडी वाचते. म्हणून ५८५-५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर किंवा ५३२ चा केटीपी वापरतात. गोची अशी की मेलॅनिन, म्हणजे कातडीला सावळेपणा देणारं रंगद्रव्य, पण त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतं, आणि ते वाहिनीच्या वरच्या थरात बसलेलं असतं. कातडी जितकी सावळी तितका जास्त प्रकाश रक्तापर्यंत पोचायच्या आधीच वर अडकतो, मग भाजणं, काळे-पांढरे डाग. याचा अर्थ सावळ्या लोकांनी लेसर करू नये असा नाही, ऊर्जा कमी ठेवायची, कातडी आधी गार करायची, उन्हात रापलेल्या अंगावर करायचं नाही, आणि आधी एखाद्या ठिपक्यावर करून सहा-आठ आठवडे वाट बघायची. १०६४ चा एनडी-याग लेसर मेलॅनिनला जरा चुकवून खोल जातो पण चुकीच्या हातात खोल व्रण पण तोच करतो.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर गळ्याजवळचे एक-दोन काढून बघा, खूण कशी जाते ते बघा, मग बाकीच्यांचं ठरवा. एका बैठकीत अंगभर जाळून देणारा भेटला तर उठून या. छातीवर किंवा खांद्यावर पूर्वी केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड व्रण, झाला असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर, हे पण सांगायचं. काढलेला सहसा त्याच जागी येत नाही, पण नवीन येतच राहतात, त्याला औषध नाही. गालावरचा स्पायडर मात्र परत येऊ शकतो, मधली धमनी पूर्ण बंद झाली नाही तर रेषा पुन्हा भरतात. गरोदरपणातला असेल तर हातच लावायचा नाही, बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरेचसे आपोआप जातात.

आणि ऑनलाइन मिळणारं चामखीळ घालवायचं ॲसिड यातल्या कशालाही लावू नका, वरची कातडी जळते आणि खालची वाहिनी मजेत राहते.

अर्धचंद्र :
लेसरचा विषय निघालाय म्हणून लिहितो. माझ्या डाव्या गालावर जन्मापासून पोर्ट वाइन स्टेन आहे, डोळ्याच्या खालपासून ओठापर्यंत. लहानपणी गुलाबी होता, चाळिशीकडे येता येता जांभळा आणि जाड व्हायला लागला, वर छोट्या गाठी येऊन दाढी करताना रक्त यायचं. तेव्हा कुठे पल्स्ड डाय लेसर सुरू केला. रबरबँड ओढून फटकन सोडल्यासारखं लागतं, प्रत्येक शॉटच्या आधी गार फवारा येतो, नंतर गाल काळा-निळा पडतो आणि दीड-दोन आठवडे तसाच राहतो, ऑफिसात सगळे विचारतात मारामारी झाली का. पूर्ण गेला का? नाही. बराच फिका झाला, गाठी गेल्या, आता रक्त येत नाही, मला तेवढं पुरतं. पण 'दोन सिटिंगमध्ये क्लीन' अशा जाहिराती बघितल्या की डोकं फिरतं. बऱ्याच सिटिंग लागतात आणि काही वर्षांनी रंग थोडा परत गडद होतो, हे कोणी सुरुवातीला सांगत नाही.

पुरळपंडित :
अर्धचंद्र, फार नेमकं लिहिलंत. थोडी भर घालतो. पोर्ट वाइन स्टेन वाढत जाणारी गाठ नाही, ती जन्मतःच रुंद झालेल्या केशवाहिन्यांची जाळी आहे, मूल वाढतं तशी त्याच प्रमाणात वाढते आणि आपोआप कधीच जात नाही. २०१३ मध्ये कळलं की बहुतेकांत जीएनएक्यू नावाच्या जनुकात गर्भातच झालेला बदल असतो, फक्त त्या जागेच्या पेशींमध्ये, त्यामुळे तो आईबापाकडून आलेला नसतो आणि आईने गरोदरपणी काय केलं याच्याशीही संबंध नसतो. तान्ह्या वयात लेसर सुरू केला तर निकाल सहसा चांगला मिळतो कारण कातडी पातळ असते. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर लेसरच्या आधी डोळ्यांचा दाब तपासायचा आणि मेंदूचा विचार करायचा, तिथे स्टर्ज-वेबर सिंड्रोम, म्हणजे डोळ्याच्या आणि मेंदूवरच्या वाहिन्यांतही तोच दोष, असू शकतो, फिट्स येऊ शकतात.

बाळाच्या मानेमागचा किंवा दोन भुवयांमधला फिका गुलाबी डाग म्हणजे हा नव्हे, तो साधा असतो, रडताना गडद होतो, कपाळावरचा वर्ष-दोन वर्षांत जातो, मानेवरचा कित्येकांना आयुष्यभर राहतो आणि केसांखाली कोणाला दिसत पण नाही.

कावेरीची_आई :
माफ करा दुसऱ्याच्या धाग्यात घुसतेय पण बाळांचा विषय निघाला म्हणून. आमची मुलगी सहा आठवड्यांची आहे. जन्मली तेव्हा उजव्या वरच्या पापणीवर काहीच नव्हतं, म्हणजे नीट बघितलं तर एक फिकट ओरखड्यासारखं होतं. दोन-तीन आठवड्यांनी लाल ठिपका दिसला आणि आता लालभडक, मऊ, फुगीर झालाय आणि तो डोळा दुसऱ्यापेक्षा कमी उघडतोय असं मला वाटतं, घरचे म्हणतात माझा भास आहे. दाखवलं तर सांगितलं की ही जन्मखूण आहे, शाळेत जाईपर्यंत आपोआप जाईल, वर्षाची झाली की दाखवा. मग थांबू ना?

पुरळपंडित :
नाही. थांबू नका. ताई, या अख्ख्या धाग्यात घाई करायची गरज फक्त तुम्हाला आहे.

तुम्ही लिहिलंय ते इन्फंटाइल हिमँजिओमाचं, म्हणजे तान्ह्या बाळांना होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठीचं वर्णन आहे. जन्मताना नसणं किंवा नुसती फिकट खूण असणं, काही आठवड्यांत दिसणं, भराभर वाढणं, हीच त्याची चाल. शंभरात चार-पाच बाळांना होतो, मुलींना आणि वेळेआधी जन्मलेल्यांना जास्त. 'आपोआप जातो' हे खोटं नाही, वर्षाच्या आसपास ओसरायला लागतो आणि बहुतेकांचा चार वर्षांपर्यंत बराचसा ओसरतो. पोटावर छोटासा असता तर मीसुद्धा नुसतं लक्ष ठेवा म्हणालो असतो. पण पापणीवर तेवढा वेळ नसतो. वाढलेली गाठ डोळा झाकते किंवा बुबुळावर दाब देऊन त्याचा आकार बदलते, मग मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र घेणंच सोडून देतो. पुढे गाठ गेली तरी नजर अधू राहू शकते. आणि वाढ सगळ्यात जोरात होते ती साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे आत्ता. पाच महिन्यांपर्यंत बहुतेकांची वाढ होऊन गेलेली असते, त्यामुळे वर्षाने दाखवून उपयोग काय?

याच आठवड्यात लहान मुलांचे डोळे बघणारा डॉक्टर आणि त्वचारोग किंवा बालरोगतज्ज्ञ, दोघांना दाखवा. तुम्हाला डोळा कमी उघडतोय असं वाटतंय ना, झोपेतून उठल्यावर आणि दूध पिताना समोरून फोटो काढून ठेवा, जन्मापासूनचे फोटो पण न्या, वाढीचा वेग त्यातूनच कळतो.

औषध आहे आणि चांगलं आहे. प्रोप्रानोलॉल, हृदयाचं जुनं औषध. फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाला स्टिरॉइड चालू असताना हृदयाचा त्रास झाला म्हणून हे दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा हिमँजिओमा मऊ आणि लालभडकचा जांभळट झालेला दिसला, २००८ मध्ये लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते छापलं आणि यावरची उपचारपद्धतच बदलली. किलोमागे दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत, कमी डोसने सुरू करून वाढवत नेतात, निदान सहा महिने. इतक्या लहान बाळाला पहिला डोस बरेचदा दवाखान्यातच देतात, त्यानंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब बघतात. दुकानातून आणून घरी सुरू करायचं हे औषध नाही.

बाकी कोणी वाचत असेल तर: नाकाच्या शेंड्यावर, ओठावर, हनुवटी-जबड्याच्या पट्ट्यात (इथे श्वासनलिकेतही असू शकतो, आवाज घोगरा किंवा श्वासाला घरघर आली तर लगेच पळा), चेहऱ्यावर मोठा पसरट, कंबरेखाली मणक्याच्या वर, किंवा चिघळलेला, हे सगळे लवकर दाखवायचे. अंगावर पाच किंवा जास्त असतील तर पोटाची सोनोग्राफी करून लिव्हरमध्ये आहेत का बघतात.

निवांत :
बापरे, मी तर 'सगळं आपोआप जातं' पार्टीचा होतो. डॉक्टर, माझं पण एक बघा ना. बोटाला काच लागली होती, तिथे एक लाल ओलसर गाठ आलीये, तीन आठवड्यांत वाटाण्याएवढी झाली, जरा धक्का लागला की भळाभळा रक्त, पट्टी चिकटून बसते. हा पण अँजिओमाच का?

पुरळपंडित :
पायोजेनिक ग्रॅन्युलोमा वाटतो, तोही रक्तवाहिन्यांचाच आणि निरुपद्रवी, पण चेरीसारखा शांत नाही. जखमेनंतर, गरोदरपणात हिरडीवर, काही औषधांवर असतानाही येतो. आपोआप जायची वाट बघण्यात नुसते कपडे रंगतात. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उघडून बघायचं नाही. बोट बधिर करून खरवडतात आणि बूड कॉटरीने जाळतात, बुडाला थोडा राहिला तर परत उगवतो, तसं झालं तर डॉक्टरला शिव्या देऊ नका, पुन्हा जा. एक हट्ट मात्र धरा, काढलेला तुकडा बायॉप्सीला पाठवायलाच सांगा, फेकू देऊ नका. रंग नसलेला मेलॅनोमा अगदी असाच लाल, ओला, रक्ताळणारा दिसतो.

लालबुंद :
जाऊन आले. डर्मोस्कोपमधून बघितलं, त्यांनी मला पण स्क्रीनवर दाखवलं, खरंच गोल गोल कप्पे आणि त्यातले दोन काळे. गोठलेलं रक्त म्हणाल्या, तरी पट्ट्याखाली सारखा घासतोय म्हणून काढला आणि तुकडा पाठवलाय. गळ्याजवळचा एकच जाळून घेतलाय, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. कावेरीच्या आई, काय झालं ते कळवा हं.

कावेरीची_आई :
डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या डोळ्यात तिरका नंबर यायला लागलाय, म्हणजे माझा भास नव्हता. दोन दिवस ॲडमिट करून औषध सुरू केलं, रंग आत्ताच उतरल्यासारखा वाटतोय. आज पहिल्यांदा घरी डोस दिला आणि तिने अर्ध्या तासात दूध उलटलं. औषध बाहेर पडलं का कळत नाहीये, परत देऊ का? फोन लागत नाहीये त्यांचा.

पुरळपंडित :
परत देऊ नका. किती आत गेलं ते कळत नाही आणि दोन डोस झाले तर नाडी आणि साखर दोन्ही उतरू शकतात. पुढचा डोस नेहमीच्या वेळेला, आणि तोही ती नीट दूध प्यायली तरच, दुधासोबत किंवा लगेच नंतर. उलट्या चालू राहिल्या, दूध तोंडात घेत नसेल, सर्दी-खोकल्याबरोबर छातीत घरघर असेल तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांशी बोलूनच पुन्हा सुरू करायचा. ती खूप मलूल, थंडगार, घामेजलेली वाटली किंवा उठवून उठेना तर फोनची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या आणि जाताना औषधाची बाटली सोबत घ्या.